चक्क्यातली साखर

आमच्या वन्सं पुण्याहून आल्या त्या परतीची दोन तिकिटं काढूनच. एक त्यांचं, एक अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. हे मला आशुतोषने त्यांना आणायला स्टेशनवर निघता निघता सांगितलं, तेही खाली वाकून बुटाची नाडी बांधत, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघायला नको.

"आणि तू हो म्हणालास?"

"हो कुठे म्हणालो? ताई म्हणाली, आधी मी अण्णांना डोळ्यांनी बघते, मग ठरवू. बघू दे ना तिला."

बघू दे म्हणे. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून संध्याकाळी घरी पार्टी, सगळी गल्ली आणि ह्याच्या ऑफिसातली अर्धी माणसं येणार, आणि त्यातच ह्याची थोरली बहीण माझ्या सासऱ्यांची परीक्षा घेणार. माझं डोकंच फिरलं. पण नवरा नाडी बांधून सटकला, आणि भांडायला समोर राहिले ते फक्त अण्णा. ते टेबलाशी बसून पालक निवडत होते.

अण्णा विसरतात. नाही म्हणत नाही मी. मागे एकदा मानिक चौकात भाजी घ्यायला गेले आणि त्यांना घरचा रस्ताच सुचेना. शेजारचे बुधौलियाजी तिथे भेटले म्हणून स्कूटरवर बसवून घेऊन आले. दिवाळीनंतर एकदा गॅस चालू राहिला. मी आणि आमची मुलगी शमिका बाहेर, आशुतोष रात्रपाळी करून आलेला, आत झोपलेला. घरभर धूर आणि चहाचं पातेलं जळून कोळसा. अण्णा खोलीतून बाहेर आले, पातेल्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्याकडूनच राहिला असेल." हे दोन्ही आशुतोषने बहिणीला फोनवर सांगितलं. झालं. तिकडे पुण्यात वन्संनी घराजवळचं वृद्धांचं एक निवास शोधलं, चोवीस तास नर्स, खोलीत घंटी, सगळं ठरवून मोकळ्या.

आता माझं ऐका. मी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले आणि लग्न होऊन झाशीत आले. ह्या लोकांचे पूर्वज कधीतरी कारभारी म्हणून इकडे आले आणि इकडचेच झाले. घरात अजून नणंदेला वन्सं म्हणायचं, देवाला दाखवल्याशिवाय काही चाखायचं नाही, एवढं सगळं जपलंय, पण नवरा चिडला की हिंदीत चिडतो, आणि मुलीला मराठी कळतं पण तोंडातून निघतं ते अर्धं सीपरी बाजारातलं हिंदी. या घरात माझ्याशी मराठीत कचाकचा भांडणारा एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे अण्णा. त्यांच्यावाचून मी काय करीन, हा विचार मी कधी केला नव्हता. त्या सकाळी केला.

"अण्णा," मी म्हटलं, "आज जरा सांभाळून हं. वन्सं येतायत."

"तुला आशुतोषने सांगितलं वाटतं तिकिटांचं."

म्हणजे त्यांना माहीत होतं. एक पान इकडे, एक देठ तिकडे, हात थांबला नाही त्यांचा.

"मला हलवू नका गं इथून," ते म्हणाले. "इथे मी विसरलो तरी मला कोणीतरी ओळखतं. तिकडे मीही विसरणार आणि ओळखणारंही कोणी नाही."

म्हटलं, आज रात्रीपर्यंत काही चूक होऊ द्यायची नाही, बस. एवढी एक संध्याकाळ नीट पार पडली की वन्संना तोंड नाही बोलायला.

आता पार्टीचं. आमच्या शमिकेने जाहीर केलं होतं की समोसे-ढोकळे नकोत, ती भट्टीतून काढल्यासारखं गरमागरम चीज डिप करणार. म्हणजे काचेच्या भांड्यात चीज, लसूण, पालक, मिरची, सगळं एकत्र कालवायचं, ओव्हनमध्ये वरून तांबूस होईपर्यंत भाजायचं आणि पावाचे कडक तुकडे त्यात बुडवून खायचं. त्यात क्रीम चीज लागतं, ते तिला हवं तसं इथे मिळेना. मग मीच म्हटलं, दही टांग, चक्का काय वाईट आहे? तिला पटलं. रात्री स्वच्छ पंच्यात दही बांधून खिडकीच्या गजाला टांगलं, सकाळपर्यंत छान घट्ट गोळा झाला. तिने तो स्टीलच्या डब्यात काढला, फ्रिजमध्ये ठेवला, आणि चीज-पाव आणायला सदर बाजारला गेली. मी शिंप्याकडे गेले. आशुतोष वन्संना घरी सोडून खुर्च्या आणायला गेला. म्हणजे दुपारी घरात वन्सं आणि अण्णा, दोघंच.

शिंप्याकडे उभी असताना वन्संचा फोन.

"मृदुला, साखर कुठे ठेवलीस? सगळे डबे उघडून झाले माझे."

"अगदी वरच्या फळीवर, वन्सं. डाळींच्या डब्यांमागे."

"एवढी वर?"

"अण्णांची शुगर वाढलीय ना. स्टूल घ्या."

"बाई बाई," म्हणाल्या आणि फोन ठेवला. आल्या नाहीत तोच माझ्या फळ्यांना नावं ठेवायला सुरुवात, असं मला वाटलं. शिंप्याने ब्लाउजची बाही घट्ट करून ठेवली होती, तो राग त्या रागात मिसळला आणि मी त्या बिचाऱ्याला दोन शब्द जास्तच सुनावले.

घरी आले तर वन्सं प्रवासाने दमून झोपलेल्या. दोरीवरचे कपडे घड्या घालून ठेवलेले, ओटा पुसलेला. अण्णा त्यांच्या खुर्चीत. मी हळूच विचारलं, "काय बोलल्या?"

"आज वार कुठला, पंतप्रधान कोण, बारातून सात गेले किती." अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, पाच. मग तिला विचारलं, सतरा नव्वे किती, तर तिला येईना."

मला हसू आलं. वाटलं, निभावतं बहुतेक.

पाच वाजता वन्सं उठल्या. चहा घेताना मला म्हणाल्या, "तुझं थोडं काम मी दुपारीच हलकं केलंय." मी म्हटलं, हो, कपडे पाहिले, कशाला केलंत. त्या हसल्या. "आणि रात्री जेवताना एक गंमत आहे. सगळ्यांसमोर सांगीन. आशूला सांगू नकोस."

मी कप खाली ठेवला. गंमत कसली ते मला लख्ख दिसलं. सगळी गल्ली जेवायला बसलेली, आणि ह्या पर्समधून तिकिटं काढून सांगणार की अण्णांना मी पुण्याला नेतेय, टाळ्या वाजवा. चारचौघांत आशुतोषच्या तोंडून नाही निघणार नाही आणि अण्णा तर मान खाली घालून बसतील. किती हुशार बाई आहे, असं मनात म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं, ते सांगत नाही.

सात वाजल्यापासून माणसं यायला लागली. बुधौलिया भाभी आल्या, दारातूनच, "अरे भाई, वो तुम्हारा पनीर वाला क्या है, बिटिया ने तो पूरे मोहल्ले को फोटो भेज रखी है." सगळ्यांना डिपच हवं होतं. मी आणि शमिका स्वयंपाकघरात, वन्सं बाहेर पाहुण्यांत. दोनदा त्या उठून आत यायला निघाल्या, "मला जरा आत काम आहे." दोन्ही वेळा मी दारातच अडवलं. "काही नाही वन्सं, तुम्ही बसा, पाहुण्या आहात." आत आल्या की भांडी बघणार, डबे बघणार, आणि अण्णांच्या औषधांची पेटी उघडून बघणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

शमिकेने चक्क्याचा डबा उघडला. "आई, ये पतला कैसे हो गया? सकाळी तर कितना घट्ट होता."

खरंच सैल झाला होता. मी म्हटलं, फ्रिज सारखा उघड-बंद होतोय, दुसरं काय. चीज जास्त घाल, आळेल. तिने चीज किसून घातलं, ठेचलेला लसूण, मिरची, अण्णांनी निवडलेला पालक, मीठ, मिरपूड. चाखून काही बघितलं नाही. आमच्या घरात चाखत चाखत स्वयंपाक करत नाहीत. लसणीचं डिप काही देवाला दाखवायचं नव्हतं, पण लहानपणापासून हाताला जी सवय लागली ती लागली. पोरीने भांडं ओव्हनमध्ये सरकवलं आणि आम्ही पावाचे तुकडे भाजायला घेतले.

थोड्या वेळाने वास आला. चीज भाजल्याचा नव्हे, करपलेल्या पाकाचा. मी काचेतून बघितलं तर वरून तांबूस व्हायच्या ऐवजी काठाकाठाने काळं पडत चाललेलं. शमिकेने झटकन बाहेर काढलं, पावाचा तुकडा मधोमध बुडवला आणि तोंडात टाकला. मग ती माझ्याकडे वळली.

"आई, मीठा है."

"काहीतरीच काय."

"तू खाऊन बघ."

मी खाल्लं. गोड. थोडंथोडकं नाही, श्रीखंडाचं गोड, आणि त्याच्यावर लसूण, त्याच्यावर मिरची. मला क्षणभर काही कळेना. मग एकदम सगळं कळलं, म्हणजे मला तसं वाटलं. या घरात चक्का टांगला की त्याचं श्रीखंडच होतं. दर दसऱ्याला अण्णा स्वतः करतात, साखर मिसळून झाकून ठेवतात, विरघळली की पुरणयंत्रातून काढतात. आजही त्यांनी चक्का बघितला, सण समजला, आणि घातली साखर. दुपारभर ते घरात होते. दुसरं कोण करणार?

डिप गेलं तर गेलं, पण बाहेर वन्सं बसल्या होत्या. गॅस, मानिक चौक आणि आता हे. ह्याच्यावर त्यांना आणखी काय पुरावा हवा होता?

मी दारातून अण्णांना खूण करून आत बोलावलं. ते आले, काठी टेकत, चेहऱ्यावर हसू, आज सगळ्यांशी नीट बोलत होते बिचारे.

"अण्णा, चक्क्यात साखर घातलीत ना?" मी दबक्या आवाजात, पण फणकाऱ्यानेच विचारलं. "मी सकाळी काय सांगितलं होतं? आजचा एक दिवस सांभाळा म्हटलं होतं ना मी?"

त्यांनी भांड्याकडे बघितलं. शमिकेकडे बघितलं. हसू गेलं. कपाळाला आठ्या घालून ते आठवायचा प्रयत्न करत होते, मला दिसत होतं, खूप लांबून काहीतरी ओढून आणायचं असावं तसं. मग म्हणाले, "माझ्याकडूनच पडली असेल गं."

मला रडूच येणार होतं, पण वेळ कुठे होता. शमिकेला म्हटलं, बाहेर सांग, ओव्हन बिघडला. फरसाण काढ, भजी तळायला घेऊ. आणि अण्णा, तुम्ही काही बोलू नका, कोणी विचारलं तर मी घातली साखर, मीठ समजून. कळलं?

"मीठ समजून?" दारातून आवाज आला. वन्सं उभ्या होत्या. "काय झालंय? कसला वास येतोय?"

"काही नाही वन्सं, माझाच घोटाळा. घाईत मिठाऐवजी साखर पडली डिपमध्ये."

"डिपमध्ये साखर?" त्या पुढे आल्या, पावाचा तुकडा घेतला, बुडवला. "कशाचं केलंय हे?"

"चक्का होता सकाळचा, त्याचं," शमिका म्हणाली.

वन्संनी तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबल्या. रंगच उतरला त्यांचा. मला वाटलं, ओळखलं. श्रीखंडाची चव ह्या घरातल्या माणसाला सांगावी लागत नाही.

"एवढी साखर मीठ म्हणून नाही पडत, मृदुला," त्या सावकाश म्हणाल्या.

"पडली. मी म्हणतेय ना पडली."

"तिला स्वतःवर घेऊ देऊ नकोस," अण्णा म्हणाले. काठीवर दोन्ही हात ठेवून ते वन्संसमोर उभे राहिले, शाळेत मास्तरांपुढे उभं राहावं तसे. "आभा, ती माझ्यासाठी खोटं बोलतेय. साखर मी घातली. मला आठवत नाही, पण मीच असणार. अलीकडे माझ्याकडून असं होतं."

वन्संनी तोंड उघडलं. मग मिटलं. हात पुसला आणि बाहेर गेल्या. अण्णा त्यांच्या मागोमाग गेले. संपलं सगळं, मी शमिकेला म्हटलं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागली, आणि मी मुकाट्याने बेसन भिजवायला घेतलं, कारण बाहेर माणसं उपाशी होती.

बाहेरून भाभींची हाक आली, "मृदुला, चाय बिल्कुल फीकी है बहन, जरा शक्कर तो भिजवा दो." अण्णांमुळे आम्ही चहा बिनसाखरेचाच करतो आणि साखर वेगळी देतो. मी स्टूल ओढलं, वर चढले, डाळींचे डबे बाजूला केले आणि साखरेचा डबा काढला.

डबा हलका होता. कालच मी काठोकाठ भरला होता. उघडून बघितला तर तळाला गेलेला.

मी स्टुलावर तशीच उभी राहिले, डबा छातीशी धरून. अण्णांचे खांदे दोन वर्षांपूर्वी आखडले. शर्ट घालायला त्यांना आशुतोष लागतो, हात कानाच्या वर जात नाहीत. गुडघ्यांमुळे एक पायरी चढायची तर काठी आणि कठडा दोन्ही लागतं. साखर वरच्या फळीवर ठेवली ती त्याच हिशोबाने, की त्यांना ती काढताच येऊ नये. आणि दुपारी मी फोनवर कोणाला सांगितलं होतं, स्टूल घ्या म्हणून?

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. वन्संवर राग आला, होय. पण त्याहून मोठा स्वतःवर. ही फळी माझी, हा डबा माझा, आणि मी त्या म्हाताऱ्या माणसाला धमकावून विचारलं. त्यांनी कबूल केलं, कारण त्यांना आता स्वतःच्या आठवणीपेक्षा आमच्या बोलण्यावर जास्त भरवसा आहे.

डबा घेऊन मी बाहेर आले. अण्णा मधल्या खुर्चीत बसून भाभींना समजावत होते, "बिटिया की कोई ग़लती नहीं है. सब बढ़िया बनाया था उसने. हमने ही शक्कर डाल दी. आजकल हमें याद नहीं रहता." लोक मान डोलावत होते, च्‌ च्‌ करत होते. आशुतोष खाली बघत होता. वन्सं कोपऱ्यात, मांडीवर पर्स, दोन्ही हात पर्सवर.

मी डबा वन्संसमोर तिपाईवर ठेवला. झाकण काढलं.

"साखर, वन्सं," मी म्हटलं. "भाभींना द्या. वरच्या फळीवर होती."

एवढंच म्हटलं. बोलायला माझ्याकडे खूप होतं, पण जीभ चावून उभी राहिले. त्यांनी डब्यात बघितलं, मग माझ्याकडे. मला कळलंय हे त्यांना कळलं. त्यांनी गप्प राहायचं ठरवलं असतं तर मी सगळ्यांसमोर ओरडले असते, आणि भांडखोर सून म्हणून तेही त्यांच्याच पथ्यावर पडलं असतं. अण्णांनी तर कबुलीजबाब देऊन ठेवलाच होता. खोलीत सगळे बोलत होते आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. पर्सवरची त्यांची बोटं पांढरी झाली होती.

नंतर त्यांनीच मला सांगितलं, खरं सांगायचं स्वयंपाकघरातच तोंडाशी आलं होतं, पण अण्णा आधी बोलले, मग ती तिकिटं आठवली आणि अण्णांची कबुली सोयीची वाटली.

त्या उठल्या. अण्णांसमोर जाऊन खाली बसल्या, जमिनीवर, त्यांच्या गुडघ्याशी.

"अण्णा, साखर मी घातली."

"नाही गं, तू कशाला?"

"मी दुपारी चहाला दूध काढायला फ्रिज उघडला. चक्का दिसला. मला वाटलं आशूसाठी श्रीखंड करायचंय, मृदुलाला वेळ नाही झाला. मी साखर मिसळून ठेवली. रात्री गाळून, वेलदोडा घालून, सगळ्यांसमोर ठेवणार होते. गंमत म्हणून." त्यांचा आवाज फाटला. "तुम्ही नाही घातलीत."

अण्णा त्यांच्या डोक्यावर हात ठेवून हसले. "तू माझ्यासाठी खोटं बोलतेस. मघा ही बोलत होती, आता तू. मीच घातली, मला आठवतंय थोडं थोडं."

तासाभरात त्यांना न केलेली गोष्ट आठवायला लागली होती.

वन्संनी माझ्याकडे बघितलं, आता काय करू अशा नजरेने. पहिल्यांदाच त्या मला काही विचारत होत्या. मी अण्णांचा हात धरला. "उठा. आत चला."

मी पुढे, अण्णा, वन्सं, मागे शमिका, आणि हातात कपांचा ट्रे घेऊन आशुतोष, अशी आमची वरात स्वयंपाकघरात आली. मी साखरेचा डबा परत वर ठेवला, डाळींच्या मागे, आणि स्टूल पायाने त्यांच्यासमोर सरकवलं.

"अण्णा, तो डबा काढून दाखवा."

त्यांनी वर बघितलं. स्टुलाकडे बघितलं, पाय उचलला, आणि परत खाली ठेवला. मग जमिनीवरूनच उजवा हात वर न्यायला लागले. खांद्यापर्यंत गेला, कानापर्यंत गेला, तिथे थरथरून थांबला. डावा नेला. तोही तिथेच. भिंतीला टेकून, टाचा उचलून त्यांनी पुन्हा जोर केला. दुखत असणार. मी थांबवलं नाही.

"नाही पोचत," ते म्हणाले.

"नाही पोचत ना?" वन्सं म्हणाल्या. त्या रडत होत्या.

"अगं, नाही पोचत." ते आमच्याकडे वळले आणि त्यांचं तोंड लहान मुलासारखं उजळलं होतं. "हात जातच नाही तिथवर. मग मी नाही घातली. मृदुला, मी नाही घातली."

"नाही अण्णा. तुम्ही नाही."

हात वर जात नाही म्हणून एवढा आनंद झालेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. मी पदराने डोळे पुसले. वन्संनी पर्समधून तिकिटाचा कागद काढला, तो नुसताच हातात धरून म्हणाल्या, "मंगळवारी मी एकटीच जाते, मृदुला. अण्णांचं तिकीट रद्द करते." मी मान हलवली. त्या कागदाची घडी घालत होत्या, शमिका भजी तळायला तेल तापवत होती, बाहेर भाभी अजून साखरेसाठी हाका मारत होत्या.

अण्णा मात्र हलले नाहीत. भिंतीवर हात तसाच ठेवून ते विचार करत होते. मघाचं हसू हळूहळू ओसरलं. मग त्यांनी शमिकेने पेटवलेल्या गॅसकडे बघितलं.

"मग दिवाळीनंतर तो गॅस कोणाकडून राहिला होता?"

आशुतोषने ट्रे ओट्यावर ठेवला. कप एकमेकांवर आपटून वाजले.

"अण्णा," तो म्हणाला, "त्या दिवशी मी आल्यावर चहा टाकला होता."